वाचकांचे प्रश्न : पीडीएफवरच्या खुणा जातात कुठे?

सोलापूर शहर-जिल्ह्यातून या वेळी आलेल्या बहुतेक पत्रांचा सूर सारखाच आहे. पीडीएफवर खूण केली ती पुढच्या माणसाला दिसली नाही, नाहीतर जे झाकलं ते झाकलंच गेलं नाही. म्हणून ही पत्रं एकत्र घेतली आहेत.

प्रश्न : अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टॉवेलचा कारखाना आहे. गिऱ्हाइकाकडून मालाचा तपशील पीडीएफमध्ये येतो, त्यावर आम्ही ॲक्रोबॅट रीडरमध्ये दुरुस्त्या करतो. स्क्रीनवर सगळं दिसतं, पण प्रिंट काढून माग खात्यात दिली की नवा आकडा कागदावर नसतो. शिवाय सगळ्यांचे शेरे 'युजर' याच नावाने येतात, कुणी काय बदललं ते कळत नाही.

तुम्ही बहुधा 'रिप्लेस टेक्स्ट' हे साधन वापरताय. त्यात जुन्या आकड्यावर रेघ पडते आणि नवा आकडा बाजूच्या पॉप-अप चौकटीत जातो. छापताना रेघ उमटते, चौकटीतला मजकूर उमटत नाही. समजा ७० × १४० सेंटिमीटरच्या टॉवेलचं जीएसएम, म्हणजे दर चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन, ५०० वरून ४५० केलं. नगाचं वजन ४९० ग्रॅमवरून ४४१ ग्रॅमवर येतं, म्हणजे हजार नगांमागे ४९ किलोचा फरक. आणि मागावरच्या माणसाच्या हातात काय, तर ५०० वर मारलेली एक रेघ. तो जुनाच आकडा धरणार, त्यात त्याची चूक नाही.

म्हणून खात्यात जाणारा आकडा नेहमी 'टेक्स्ट बॉक्स' किंवा 'कॉलआउट' वापरून थेट पानावर लिहा. कॉलआउटला बाण असतो, त्यामुळे कोणत्या ओळीबद्दल बोलताय तेही कळतं. पिवळ्या स्टिकी नोटचंही रिप्लेस टेक्स्टसारखंच आहे, कागदावर फक्त तिचं चित्र येतं. ती ऑफिसातल्या चर्चेपुरती ठेवा.

छापण्याआधी प्रिंटच्या खिडकीत 'कमेंट्स अँड फॉर्म्स' हा पर्याय पाहा. तिथे 'डॉक्युमेंट अँड मार्कअप्स' निवडलेलं हवं. नुसतं 'डॉक्युमेंट' असेल तर खुणा छापल्याच जात नाहीत. शेजारच्या 'समराइझ कमेंट्स'ने सगळ्या शेऱ्यांची यादी छापता येते, पॉप-अपमधला मजकूरही त्यात येतो. आणि प्रिंटर काळा-पांढरा असेल तर पिवळ्या हायलाइटवर विसंबू नका. तो इतका फिकट राखाडी येतो की झेरॉक्समध्ये पार उडून जातो. लाल चौकट करा, ती काळी होऊन का होईना पण उमटते.

आता नावाचं. एडिट, प्रेफरन्सेस, कमेंटिंग असं जा. तिथे 'ऑलवेज यूज लॉग-इन नेम' या ओळीपुढची बरोबरची खूण काढा. मग त्याच प्रेफरन्सेसमधल्या 'आयडेंटिटी'त आपलं नाव भरा. प्रत्येक कॉम्प्युटरवर हे एकदाच करावं लागतं. आधीच टाकलेल्या शेऱ्यांची नावं मात्र आपोआप बदलणार नाहीत. तिघांनी तीन प्रतींवर शेरे मारून मग ते जुळवत बसण्यापेक्षा एकच फाइल क्रमाने फिरवा. शेवटच्याचं काम झालं की तीच फाइल 'मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ'वर छापा, प्रिंटरच्या यादीतला हा पर्याय कागदाऐवजी नवी पीडीएफ देतो. खुणा पानातच मुरतात, कुठल्याही फोनवर सारख्याच दिसतात. मात्र अशा प्रतीत पुढे शेरा बदलता येत नाही, तेव्हा मूळ फाइल जपून ठेवा.

प्रश्न : पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठात पीएच.डी. करते आहे. जुनी मराठी पुस्तकं स्कॅन करून वाचते. काहींवर हायलाइट होतच नाही. काहींवर होतं, पण वाक्य कॉपी केलं की भलतीच इंग्रजी अक्षरं येतात.

हे दोन वेगळे आजार आहेत.

पहिल्या फायलीत अक्षरं नाहीतच, पानांचे फोटो आहेत. हायलाइटरला धरायला काही नाही. त्यावर ओसीआर करावं लागतं, म्हणजे फोटोतली अक्षरं ओळखून मागे मजकुराचा थर घालायचा. टेसरॅक्ट ही मोफत प्रणाली मराठी ओळखते. पुस्तकात इंग्रजीही असेल तर दोन्ही भाषा एकदम द्याव्यात. स्कॅन ३०० डीपीआयचं (दर इंचाला ३०० ठिपके), तळटीपा बारीक असतील तर ४०० चं घ्या. पान सरळ हवं. जुन्या खिळ्यांच्या छपाईत शिरोरेघ मध्येच तुटलेली असते, तिथे रफार, अनुस्वार आणि जोडाक्षरं चुकणारच. अक्षर चुकलं तरी त्या जागी हायलाइट होतं, फसतो तो शोध. 'सर्व' हा शब्द 'सव' असा ओळखला गेला असेल तर 'सर्व' शोधून तो कधीच सापडणार नाही. तेव्हा महत्त्वाच्या उताऱ्यावर स्टिकी नोट टाकून विषयाचा शब्द स्वतः टंकून ठेवा.

दुसऱ्या फायली श्रीलिपी, कृतिदेव यांसारख्या जुन्या, युनिकोड (प्रत्येक लिपीच्या अक्षरांना स्वतःचा संकेत देणारी आजची पद्धत) नसलेल्या फॉन्टांतल्या आहेत. डोळ्यांना मराठी दिसतं, आत इंग्रजी अक्षरांचे संकेत असतात. एक शब्द कॉपी करून नोटपॅडमध्ये टाकला की लगेच कळतं. अशा फायलीचा आतला मजकूर सोडून द्या, पानांची चित्रं करून त्यावर ओसीआर चालवा. थोडाच मजकूर लागणार असेल तर त्या फॉन्टचा मजकूर युनिकोडमध्ये बदलून देणारा परिवर्तक वापरला तरी चालेल. युनिकोड फाइलमध्येसुद्धा कधी कधी पहिली वेलांटी जागा सोडते, म्हणून प्रबंधात चिकटवलेला प्रत्येक उतारा मूळ पानाशी ताडून पाहा.

वाचायला झोटेरो हे संदर्भ सांभाळणारं सॉफ्टवेअर घ्या, मोफत आहे. २०२२ मध्ये आलेल्या सहाव्या आवृत्तीपासून त्यात पीडीएफवर खुणा करायची सोय आहे. सगळ्या खुणांतून पान क्रमांकासकट टिपण तयार होतं आणि ओसीआर नसलेल्या पानावर चौकट आखून तेवढा भाग चित्ररूपात उचलता येतो. पण दोन गोष्टी सांभाळा. खुणा पीडीएफमध्ये नव्हे, झोटेरोच्या कोठारात साठतात. नुसती फाइल पेन ड्राइव्हवर नेऊन मार्गदर्शकांना दिली तर त्यांना ती कोरी दिसेल. खुणांसकट वेगळी प्रत काढून द्या. दुसरं, पान क्रमांक. पुस्तकाचं पान १ पीडीएफच्या १३ व्या पानावर असेल तर सगळे संदर्भ १२ ने चुकू शकतात. पहिली खूण केल्याबरोबर क्रमांक तपासा, तो तिथेच बदलता येतो. रंगांचा पसारा मांडू नका. अवतरण, मतभेद, पुन्हा तपासायचं, एवढ्यासाठी तीन रंग पुष्कळ झाले. आठ रंगांचा अर्थ चार महिन्यांनी कुणाला आठवतो?

प्रश्न : वकिलांच्या ऑफिसात काम करतो. समोरच्या पक्षाला कागद पाठवताना आधार क्रमांकावर काळी चौकट टाकतो. तेवढं पुरतं का?

मुळीच नाही. चौकट ही पानावर ठेवलेली वेगळी वस्तू आहे, खालचा मजकूर जागच्या जागी असतो. तुम्हीच करून पाहा. कंट्रोल-ए, कंट्रोल-सी करून नोटपॅडमध्ये चिकटवा, क्रमांक समोर येईल. कधी चौकट धरून नुसती बाजूला सरकवली तरी पुरतं. फोनवरच्या मार्कर पेनचा काळा रंग तर पुष्कळदा अर्धपारदर्शक असतो, फोटोचा उजेड वाढवला की खालचे आकडे वाचता येतात.

मोफत उपाय लिब्रेऑफिस ड्रॉमध्ये आहे, आवृत्ती ६.३ किंवा पुढची. पीडीएफ त्यात उघडा, टूल्समधून 'रिडॅक्ट' (मजकूर कायमचा झाकणं) घ्या, चौकटी आखा. आखताना त्या राखाडी आणि आरपार दिसतात, घाबरू नका. शेवटी 'रिडॅक्टेड एक्सपोर्ट'च निवडा, कारण त्यातच पान चित्र बनतं आणि खालचा मजकूर खरोखर जातो. तिथेच पाहणीपुरता साधा एक्सपोर्टही असतो, त्यात मजकूर तसाच राहतो आणि लोक नेमके इथेच फसतात. ॲक्रोबॅट प्रो विकत घेतलं असेल तर त्यातही रिडॅक्ट आहे, पण 'अप्लाय' दाबेपर्यंत ती नुसती खूणच असते.

पाठवण्यापूर्वी तयार फाइलमध्ये क्रमांकाचे शेवटचे चार आकडे शोधा आणि वरची नोटपॅडची परीक्षा पुन्हा घ्या. फाइलचं नाव आणि प्रॉपर्टीजही (फाइलसोबत साठलेली लेखक, शीर्षक अशी माहिती) पाहा. आत सगळं झाकून फाइलच्या नावात पक्षकाराचं पूर्ण नाव, हा प्रकार सर्रास चालतो. आणि मुळात आधारची प्रत द्यायचीच असेल तर 'मास्क्ड आधार' उतरवून घ्या. त्यावर शेवटचे चारच आकडे असतात, झाकाझाकीची वेळच येत नाही.

प्रश्न : बँकेत द्यायच्या डिजिटल सहीच्या सातबाऱ्यावर आमचा गट क्रमांक हायलाइट केला तर चालेल का? (मोहोळ)

त्या फाइलवर नको. सही झाल्यावर फाइलमध्ये काहीही बदललं की सही तपासताना तसा इशारा येऊ शकतो, आणि 'प्रिंट टू पीडीएफ' केलं तर डिजिटल सही राहतच नाही. मूळ फाइल जशी उतरली तशीच बँकेला द्या. खुणा दुसऱ्या प्रतीवर करा आणि तिच्या नावात 'खुणांची प्रत' असं लिहून ठेवा.

प्रश्न : क्लासच्या मुलांच्या उत्तरपत्रिका गुगल ड्राइव्हवर पीडीएफमध्ये तपासते. कॉमेंट्स टाकल्या, पण मुलांनी फाइल उतरवली तर एकही दिसत नाही. (जुळे सोलापूर)

ड्राइव्हमधली कॉमेंट ड्राइव्हमध्येच राहते, उतरवलेल्या फाइलसोबत जात नाही. मुलांनी लिंकवरूनच, कॉमेंट दिसण्याच्या परवानगीने फाइल उघडायला हवी. नाहीतर फाइल आधी आपल्याकडे उतरवा, मायक्रोसॉफ्ट एजमध्ये उघडून 'ड्रॉ'ने लाल खुणा करा, सेव्ह करा आणि मग पाठवा. व्हॉट्सॲपवर पाठवताना 'डॉक्युमेंट' म्हणूनच जोडा. स्क्रीनशॉट काढून फोटो पाठवला तर तो दाबला जातो आणि समासात बारीक लिहिलेले गुण पुसट होतात.