एका निर्णयापायी कारकीर्द पणाला लावणारा एकोणिसाव्या शतकातला एखादा अमेरिकन गव्हर्नर सांगाल का?

जॉन पीटर आल्टगेल्ड, इलिनॉय राज्य, १८९३ ते १८९७. (तिकडचा गव्हर्नर लोकांच्या मतांवर निवडून येतो, म्हणजे पुढच्या निवडणुकीची धास्ती त्यालाही असतेच.)

जन्म १८४७ चा, जर्मनीतला. तान्हा असतानाच आईबाप त्याला घेऊन ओहायोत आले. सोळाव्या वर्षी यादवी युद्धात शिपाई, मग मास्तरकी, मग मिसूरीत वकिली. १८७५ मध्ये शिकागो गाठलं आणि जागाजमिनींच्या व्यवहारात बक्कळ पैसा केला. हे भरभर सांगतोय, कारण असे वर आलेले लोक त्या काळी तिथे पुष्कळ होते.

खरी गोष्ट हेमार्केटची. आठ तासांच्या कामासाठी संप पेटलेले असताना ४ मे १८८६ ला शिकागोतल्या हेमार्केट चौकातल्या एका सभेत कुणीतरी पोलिसांवर बॉम्ब फेकला. सात पोलीस गेले, सभेला आलेलेही काही मेले. (१ मे ला महाराष्ट्र दिनासोबत आपण कामगार दिन पाळतो, त्याची मुळं याच लढ्यात आहेत.) फेकणारा कधी सापडलाच नाही. आठ अराजकवाद्यांवर (सरकार नावाची गोष्टच नको म्हणणाऱ्यांवर) खटला चालला. चौघे फासावर गेले, एकाने कोठडीतच जीव दिला, तिघे तुरुंगात राहिले.

२६ जून १८९३ ला आल्टगेल्डने या तिघांना, म्हणजे फील्डन, नीबे आणि श्वाब यांना, माफी दिली. सत्तेवर येऊन सहा महिनेही झाले नव्हते. माझ्या मते नुसती माफी पचली असती. शहरातली काही बडी मंडळीही दयेच्या बाजूने होती. 'भोगली तेवढी पुरे' असं लिहून मोकळं होता आलं असतं. पण हा स्वतः न्यायाधीश राहिलेला माणूस. त्याने खटल्याची सालटीच काढली. ज्युरीसाठी, म्हणजे दोषी की निर्दोष ठरवणाऱ्या नागरिकांच्या पंचमंडळासाठी, माणसं चिठ्ठ्या टाकून न काढता बेलिफाने (कोर्टाच्या कर्मचाऱ्याने) वेचून आणली, 'आमचं मत आधीच बनलंय' म्हणणाऱ्यांनाही बसवलं. आणि बॉम्ब कुणी फेकला हेच माहीत नाही, तर त्याने यांचं ऐकून फेकला हे कशावरून? हा युक्तिवाद मान्य केला, की फाशी दिलेले चौघेही नाहक गेले असं म्हणावं लागतं. लोकांना झोंबलं ते हे. तो खटला चालवणाऱ्या न्यायाधीश गॅरीवर मात्र तो जरा जास्तच घसरलाय, असं मला वाटतं.

वर्तमानपत्रं तुटून पडली, जर्मन म्हणूनही त्याला हिणवलं. वर्षभरात पुलमन या रेल्वेडब्यांच्या कंपनीतला संप आला. राज्याला न विचारता राष्ट्राध्यक्ष क्लीव्हलंडने शिकागोत फौज उतरवली, तेव्हा आपल्याच पक्षाच्या राष्ट्राध्यक्षाला याने खडसावणारी तार केली. दोघांचं फाटलं ते फाटलंच.

१८९६ ची निवडणूक तो हरला. मात्र फक्त माफीमुळे हरला असं म्हणणं सोपं आहे. त्या वर्षी इलिनॉयमध्ये त्याचा अख्खा डेमोक्रॅटिक पक्षच आपटला होता. त्याच्या काळातलं एक काम या गदारोळात झाकलं जातं: समाजसुधारक फ्लॉरेन्स केलीला त्याने मुख्य कारखाना निरीक्षक नेमलं. स्त्री कामगारांसाठीची आठ तासांची मर्यादा १८९५ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने उडवली, पण तोवर तिने मालकांना चांगलंच जेरीस आणलं होतं.

पुढे पैसाही गेला. अखेरीस नामांकित वकील क्लॅरन्स डॅरोच्या कचेरीत काम करत होता. मार्च १९०२ मध्ये इलिनॉयमधल्या जोलिएटला बोअर लोकांच्या (दक्षिण आफ्रिकेत ब्रिटिशांशी लढणाऱ्या डच वंशाच्या वसाहतवाल्यांच्या) बाजूने भाषण करताना कोसळला आणि काही तासांत गेला.

त्याच्याबद्दल वाचायचं तर चरित्रांआधी ते माफीपत्रच वाचा. ज्युरीबद्दलचा भाग सुरुवातीलाच आहे, आणि तोच सगळ्यांत जबर आहे.