कागद कोरा राहिला तरच जलरंग दिसतो
फोटोपासून जलरंगी व्यक्तिचित्र करण्याबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न: फोटोशॉपमधला ‘वॉटरकलर’ फिल्टर लावला की चेहरा काळवंडतो आणि गालांवर डाग दिसतात. आकडे काय ठेवावेत?

उत्तर: आकड्यांनी हे सुटणार नाही. ‘शॅडो इंटेन्सिटी’ शून्यावर आणली तरी हा फिल्टर सावल्या गडद करतोच. पारदर्शक जलरंगात मात्र पांढरा रंग वापरत नाहीत. उजेडाच्या जागी कागद तसाच सोडतात. म्हणजे फिल्टर जातो त्याच्या अगदी उलट दिशेने जायचं आहे. तेव्हा तो बाजूला ठेवा आणि परिणाम थराथराने उभा करा.

फोटोचा लेयर आधी स्मार्ट ऑब्जेक्ट करून घ्या, म्हणजे लावलेल्या फिल्टरचे आकडे नंतरही बदलता येतात. पहिला फिल्टर ‘नॉइज’मधला ‘मीडियन’. कपाळ ते हनुवटी अंतर 1500 पिक्सेल असेल तर रेडियस 10 ते 12, आणि 500 च्या आसपास असेल तर 3 ते 4 पुरे. इथे गॉशियन ब्लर नको. तो कडाही विरघळवतो. मीडियन बारीक तपशील गिळतो, पण ओठांची आणि जबड्याची कड शाबूत ठेवतो. त्यावर फिल्टर गॅलरीतला ‘ड्राय ब्रश’: ब्रश साइज 8 ते 10, डिटेल 8 ते 10, टेक्श्चर 1. मग लेव्हल्समध्ये खालच्या आउटपुट पट्टीवरचं काळं टोक 0 वरून 30 ते 40 वर सरकवा. काळे केस फोटोत शुद्ध काळे येतात आणि चित्रात भोकासारखे दिसतात. एवढ्याने ते गडद करड्यावर येतात. त्यात थोडी निळी किंवा तपकिरी छटा मिसळली की रंगवल्यासारखे वाटतात.

आता कडा. रंगाचा ओला थर वाळताना पाणी कडेकडे वाहतं आणि रंगद्रव्य तिथेच साचतं, म्हणून प्रत्येक डागाला किंचित गडद किनार असते. ती आणायला मीडियन लावलेल्या लेयरची प्रत रास्टराइज करून (म्हणजे साध्या पिक्सेलच्या लेयरमध्ये बदलून) ‘फाइंड एजेस’ लावा, तिचा रंग काढून टाका (या रेषांचे रंग विचित्र येतात), 1 ते 1.5 पिक्सेल ब्लर द्या आणि मल्टिप्लाय मोडमध्ये (यात वरच्या लेयरचा गडद भाग खालच्याला गडद करतो, पांढरा दिसत नाही) 25 ते 30 टक्के ओपॅसिटीवर, म्हणजे अपारदर्शकतेवर, ठेवा. दातांमधल्या फटी, डोळ्यांखालची वळी आणि नाकापासून ओठांकडे जाणारी घडी इथे मास्क (लेयरचा भाग झाकणारा पडदा: काळं झाकतं, पांढरं दाखवतं) लावून रेषा पुसाच. तेवढं राहिलं तर माणूस दहा वर्षांनी म्हातारा दिसतो.

प्रश्न: फिल्टर गॅलरी करडी दिसते, उघडतच नाही.

उत्तर: फाइल 16 बिटची किंवा सीएमवायके (छपाईच्या चार रंगांच्या) मोडमध्ये असणार. ‘इमेज’ मेनूतल्या ‘मोड’मध्ये आरजीबी आणि 8 बिट निवडा. उजेड-सावलीची मोठी दुरुस्ती 16 बिटमध्येच उरकून मग खाली या. नाहीतर त्वचेच्या मऊ छटांमध्ये पट्टे उमटतात. स्मार्ट ऑब्जेक्ट त्यानंतर करा.

प्रश्न: चित्राच्या कडा मास्कने विरवल्या, तरी ते रंगवलेलं वाटत नाही. जुन्या फोटोची धूसर चौकट वाटते.

उत्तर: कारण मास्क सगळीकडे सारखाच मऊ आहे. जलरंगात एक कड कापल्यासारखी तीक्ष्ण असते आणि शेजारचीच पाण्यात हरवलेली. आमच्या मते सगळ्या कामात जास्तीत जास्त वेळ द्यायची जागा हीच. फिल्टर दहा मिनिटांत उरकतात, मास्क उरकू नये.

चेहऱ्याच्या लेयरखाली पांढरा लेयर ठेवा. मास्क पूर्ण काळा करा, म्हणजे कागद कोरा झाला. आता डागाच्या आकाराचे तीन-चार वेगवेगळे ब्रश घेऊन पांढऱ्या रंगाने चित्र बाहेर काढा: फ्लो 40 टक्के, आकार चेहऱ्याच्या निम्म्यापर्यंत मोठा, आणि प्रत्येक ठशाला कोन बदललेला. एकच ठसा दोनदा ओळखू आला की फसवणूक उघडी पडते. डोळे, नाक, ओठ पूर्ण भरा. कानाकडे, खांद्याकडे येताना हात आखडता घ्या. कपड्यांचा खालचा भाग अर्धवटच सोडा. कपाळाचा किंवा गालाचा एखादा उजळ भाग थेट कागदात मिसळू द्या. डोळा ती कड आपोआप पुरी करतो.

प्रश्न: कागदाचा पोत सॉफ्ट लाइट मोडमध्ये ठेवला. रंगावर दिसतो, कोऱ्या भागावर अजिबात नाही.

उत्तर: सॉफ्ट लाइट आणि ओव्हरले शुद्ध पांढऱ्याला पांढराच ठेवतात. पोताचा लेयर मल्टिप्लाय करा, लेव्हल्सने त्याचा उजळ भाग जवळजवळ पांढरा करा, ओपॅसिटी 30 ते 50 टक्के. खालचा पांढरा लेयर किंचित पिवळसर केला (आरजीबी 247, 244, 236) तर आणखी बरं. दाणा किती मोठा दिसतो ते 100 टक्के झूमवरच तपासा.

प्रश्न: माझ्याकडे फोटोशॉपऐवजी गिम्प (चित्र-संपादनाचं मोफत सॉफ्टवेअर) आहे, आणि फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला.

उत्तर: गिम्पमध्ये काम होतं. 2.10 पासून ‘ब्लर’ मेनूत मीडियन ब्लर आहे. त्यावर ‘मीन कर्व्हेचर ब्लर’ 15 ते 20 आवर्तनं दिलीत की आकार ओघळल्यासारखे गोलावतात. ‘एज’ फिल्टर काळ्यावर उजळ रेषा देतो, त्या इन्व्हर्ट करून (काळं-पांढरं उलटवून) मल्टिप्लाय करा. पेन्सिलचं रेखाटन हवं असेल तर फोटोच्या दोन करड्या प्रती घ्या, वरची इन्व्हर्ट करून ‘डॉज’ मोडमध्ये ठेवा. पडदा पांढरा होईल; वरच्या प्रतीला 6 ते 10 पिक्सेल गॉशियन ब्लर दिला की रेषा उमटतात.

अडचण फोटोची आहे. जेपेग चित्र 8 बाय 8 पिक्सेलच्या चौकोनांत दाबलं जातं. दाब जास्त असेल तर ते चौकोन फिल्टरनंतर गालावर ठिगळांसारखे दिसतात. पाठवणाऱ्याकडून मूळ फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवा.

प्रश्न: ए4 आकारात छापायचं आहे. काय जपावं?

उत्तर: 300 पीपीआयला (एका इंचात 300 पिक्सेल) 2480 बाय 3508 पिक्सेल लागतात. आकार फिल्टर लावण्याआधी वाढवा. नंतर वाढवला तर पोताचा दाणाही फुगतो. खडबडीत आर्ट पेपरवर छापणार असाल तर पोताचा लेयर आणि पिवळसर लेयर दोन्ही बंद करा, नाहीतर खऱ्या कागदावर खोटा कागद छापला जाईल.