पॉलिअ‍ॅनिलीनची निळी पावडर करंटच घेत नाही, अ‍ॅसिडने कंडक्टिव्हिटी वाढेल का?

हो भाऊ, वाढेल, आणि थोडीथोडकी नाही. पॉलिअ‍ॅनिलीन म्हणजे वीज वाहून नेऊ शकणारं प्लास्टिक, आणि तुमची निळी पावडर म्हणजे त्याचं अ‍ॅसिड न लागलेलं रूप, एमराल्डिन बेस, तिची कंडक्टिव्हिटी सेंटीमीटरला साधारण 10⁻¹⁰ सीमेन्स, म्हणजे इन्सुलेटरच समजा. तीच 1 मोलर हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडमधे रात्रभर ढवळत ठेवा, हिरवी होईल आणि आकडा 1 ते 5 च्या आसपास जाईल. यात इलेक्ट्रॉन काढले-घातले जात नाहीत, अ‍ॅसिडचा प्रोटॉन साखळीतल्या इमाइन (डबल बाँडवाल्या) नायट्रोजनवर बसतो, त्याने साखळीवर पॉझिटिव्ह चार्ज तयार होतो आणि तोच पुढे सरकत जातो, क्लोराइड नुसता बाजूला बसून बॅलन्स ठेवतो.

पण हे कुठल्याही प्लास्टिकला चालत नाही हां, आपल्या जळगाव एमआयडीसीतल्या पीव्हीसी पाइपला कितीबी अ‍ॅसिड पाजा, काही होणार नाही, साखळीत एकाआड एक डबल बाँड लागतातच.

बरेच जण शेवटी साध्या पाण्याने भरपूर धुतात आणि डोपिंगच, म्हणजे साखळीवर बसलेलं अ‍ॅसिड, निघून जातं, पीएच 4 च्या वर गेला की परत निळं. म्हणून धुवायचं ते पातळ अ‍ॅसिडनेच. ओव्हनमधे जास्त तापवलं तर एचसीएल उडून जातं, आणि आपल्याकडच्या मे महिन्यातल्या कोरड्या हवेत रीडिंग पावसाळ्यापेक्षा कमी येऊ शकतं, ओलाव्याचा फरक पडतो. टिकाऊ पाहिजे असेल तर कॅम्फर सल्फोनिक अ‍ॅसिड वापरा, मेटा-क्रेसॉल या सॉल्व्हंटमधून फिल्म काढली तर कंडक्टिव्हिटी शेकड्यात जाते, फक्त क्रेसॉल विषारी आहे, फ्यूम हूडमधेच करा.