आधी डेटा बाहेर काढून बघ

बडोदे

चि., अनेक आशीर्वाद.

मकरपुरा जीआयडीसीतल्या (औद्योगिक वसाहतीतल्या) व्हॉल्व्हवाल्यांचं स्टॉक-बिलिंगचं काम मिळालं, छान झालं. कुठलं क्लाउड, म्हणजे इंटरनेटवरून भाड्याने मिळणारं मशीन, घेऊ, असं विचारलं आहेस. त्याआधी हे ठरव, की तो क्लाउडचा विक्रेता सोडायची वेळ आली तर डेटा कसा आणि किती तासांत बाहेर निघेल.

डेटाबेस पोस्टग्रेस घे. तो स्वतःच्या मशीनवर चालतो आणि बहुतेक मोठ्या क्लाउडवर भाड्यानेही मिळतो. मात्र ‘कुठल्याही डेटाबेसवर चालेल’ असा कोड लिहायच्या फंदात पडू नकोस. ऑरॅकल हा दुसरा डेटाबेस रिकामी स्ट्रिंग (कोरा मजकूर) ‘नल’, म्हणजे ‘माहितीच नाही’, असं धरतो, पोस्टग्रेस धरत नाही. असले फरक शेवटी नडतातच. बिलांच्या पीडीएफचा पूर्ण वेब-पत्ता टेबलात साठवू नकोस, फक्त फाइलचं नाव ठेव. पत्त्याचा सुरुवातीचा भाग सेटिंगमध्ये असू दे, म्हणजे विक्रेता बदलला तर तेवढाच बदलावा लागेल.

‘एक्सेलमध्ये एक्सपोर्ट होतं’ यावर मुळीच विसंबू नकोस. सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साधी मजकूर फाइल) एक्सेलमध्ये डबलक्लिकने उघडली की ‘००७१४’ हा पार्ट कोड ७१४ होतो, सोळा आकडी खातेक्रमांकाचा शेवटचा आकडा शून्य होतो, आणि तशीच सेव्ह केली की मूळ गेलं. एक्सेलच्या डेटा मेनूतून फाइल आत घे आणि ते कॉलम टेक्स्ट ठरव. जुन्या प्रोग्रॅममधली गुजराती नावं युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये (इंग्रजी अक्षरांच्या जागी गुजराती आकार दाखवणाऱ्या जुन्या फॉन्टमध्ये) असतील तर बाहेर नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी येते. त्या फॉन्टचा कन्व्हर्टर मिळतो का, हे कामाचा भाव सांगण्याआधी बघ.

दर तीन महिन्यांनी पीजी-डंप, म्हणजे पोस्टग्रेसमधल्या डेटाची नक्कल, घेऊन दुसऱ्या क्लाउड कंपनीच्या मशीनवर रिस्टोअर कर, म्हणजे पुन्हा उभी कर. त्या डंपमध्ये युजर आणि पासवर्ड येत नाहीत, ते पीजी-डंपऑल या दुसऱ्या कमांडने वेगळे घ्यावे लागतात. तिकडे पोस्टग्रेसचं एखादं एक्स्टेन्शन (जोड-प्रोग्रॅम) नसेल तर तेही तेव्हाच कळतं. मग ओळींची संख्या, एका महिन्याच्या बिलांची बेरीज आणि शेवटचा बिल क्रमांक ताडून बघ. जीएसटीचं रेकॉर्ड वार्षिक रिटर्नच्या मुदतीपासून ७२ महिने जपावं लागतं. तोवर आजचा प्लॅन त्याच भावात मिळेल, हे कोणी लिहून देत नाही.

आणि हो, त्या कारखान्याच्या दृष्टीने विक्रेता म्हणजे तूच. डोमेन आणि क्लाउडचं खातं कारखान्याच्या नावावर हवं, ओटीपी तुझ्या मोबाइलवर येता कामा नये. पूर्ण पैसे मिळाले की सोर्स कोड आणि टेबलांचा आराखडा द्यायचा, हे करारात लिही. शेठ म्हणतील, ‘तमे ज राखो ने!’ (तुम्हीच ठेवा ना!) तरी त्यांच्या अकाउंटंटला शेजारी बसवूनच खातं उघड.