विचारा की! : पिंप, कुंड्या आणि बुलेट

प्रश्न : ताई, आमची डोंबिवली पूर्वेला २००४ सालची बिल्डिंग आहे, २४ फ्लॅट आणि स्टिल्टमध्ये, म्हणजे बिल्डिंगखालच्या खांबांमधल्या जागेत, कशाबशा ११ गाड्या बसतात. इतकी वर्षं मी बाइकवर काढली, आता दिवाळीत सेकंडहँड वॅगन-आर घेतली तर लावायला जागाच नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या काकांकडे दोन पार्किंग आहेत, एकात त्यांची गाडी असते आणि दुसरं मुलगा पुण्याहून आला की लागतं म्हणून पाण्याचा पिंप आणि मोडकी खुर्ची ठेवून अडवलंय. विचारलं तर म्हणतात, बिल्डरला दीड लाख मोजलेत, पावती आहे. सेक्रेटरी म्हणतात आपसात मिटवा. काय करू?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : पिंप आणि मोडकी खुर्ची हा आपल्याकडचा पार्किंगचा सातबारा आहे, आणि गंमत म्हणजे तो सगळे मानतात पण!

आधी पावतीचं बघू. दहिसरच्या पांचाली सोसायटीच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने ऑगस्ट २०१० मध्येच सांगितलंय की स्टिल्टमधली जागा ही सगळ्यांची सामायिक, बिल्डरला ती वेगळी विकता येत नाही. ती केस मोफाखालची, म्हणजे १९६३ च्या फ्लॅट कायद्याखालची, आणि तुमची बिल्डिंगही त्याच कायद्याच्या काळातली. काकांनी दीड लाख दिले नसतील असं मी म्हणत नाही, दिलेच असतील बिचाऱ्यांनी, पण ते परत मागायचे तर बिल्डरकडे, त्याच्या बदल्यात सोसायटीची जागा नाही अडवता येत. (रेराच्या, म्हणजे नव्या रिअल इस्टेट कायद्याखालच्या, नवीन बिल्डिंगमध्ये राहणाऱ्यांनी मात्र एवढ्यावरून भांडायला जाऊ नका, तिथे कव्हर्ड पार्किंग अग्रीमेंटमध्ये लिहून विकलेलं असतं आणि ते चालतं, २०२४ पासून तर महारेराने, म्हणजे तो कायदा राबवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाने, त्याची लांबी-रुंदी-उंचीसुद्धा लिहायला लावलीय. उघड्यावरचं ओपन पार्किंग तिथेही विकता येत नाही.)

मग वाटप करायचं कोणी, तर सोसायटीने. आदर्श उपविधी, म्हणजे सोसायटी चालवायचे छापील नियम, काढून वाचा, साधारणपणे एका सभासदाला एकच जागा, कोणी मागणारं नसल्यामुळे जागा उरली तरच दुसरी, तीसुद्धा वर्षापुरती. गाड्या जास्त आणि जागा कमी असतील तर चिठ्ठ्या टाकायच्या. म्हणजे "आपसात मिटवा" हे सेक्रेटरींचं उत्तरच चुकीचं आहे, हे काम त्यांचं आणि कमिटीचं आहे. तुम्ही आरसीची झेरॉक्स लावून लेखी अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर सही-शिक्क्याची पोच घ्या, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लिहिलेलं सोडून द्या, तिथे नुसते अंगठे येतात. हा विषय सर्वसाधारण सभेपुढे घ्या असं अर्जातच लिहा. तरी कोणी हललं नाही तर सहकार खात्याच्या उपनिबंधक कार्यालयात खेटे घालत बसू नका, पार्किंगचा वाद सहकार न्यायालयात जातो, वकील बघावा लागेल.

एक अनुभवाचं सांगते. मी ठाण्यात आमच्या सोसायटीची सेक्रेटरी होते तेव्हा आम्ही स्टीलच्या डब्यात चिठ्ठ्या टाकल्या, तिसरीतल्या एका मुलीला काढायला लावल्या आणि पहिलीच चिठ्ठी निघाली चेअरमन साहेबांची! झालं, डबा हलवलाच नव्हता, चिठ्ठी वेगळी दुमडली होती, काय वाटेल ते सुरू झालं, शेवटी सगळं परत काढलं तर चेअरमन बाहेर, आणि ते पुढे दोन महिने माझ्याशी बोलले नाहीत. तेव्हा कोणाच्या नावाच्या चिठ्ठ्या आणि किती जागा हे आधी लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या, मग डबा उघडा. आणि चिठ्ठीत तुमचं नाव नाही निघालं तर वॅगन-आर वर्षभर रस्त्यावर, ही तयारीही ठेवा.

प्रश्न : नाशिकला आमचा छोटा बंगला आहे. शेजारच्या काकूंचे जावई दर आठवड्याला येतात आणि गाडी आमच्या गेटसमोर आडवी लावतात. मागच्या महिन्यात सासऱ्यांना डायलिसिसला न्यायचं होतं तर पाऊण तास हॉर्न वाजवत बसलो. मिस्टर म्हणतात पुढच्या वेळी हवाच सोडतो. आम्ही गेटबाहेर कुंड्या ठेवल्या तर काकू म्हणतात महापालिकेत तक्रार करीन.
– एक वाचक, नाशिक

उत्तर : मिस्टरांना आवरा. आता समोरच्या प्रत्येक घराला कॅमेरा असतो, हवा सोडताना दिसले की तक्रारदार जावई आणि आरोपी तुम्ही. आणि कुंड्यांचं म्हणाल तर काकू बरोबर आहेत, राग येईल पण आहेत. गेटबाहेरचा रस्ता महापालिकेचा, त्यावर तुमची तुळस असो नाहीतर दगड, ते अतिक्रमणच. कंपाउंडच्या भिंतीला लागून कोणी गाडी लावली तरी "आमच्या घरासमोर" म्हणून तुम्हाला काही बोलता येत नाही.

गेटचं मात्र वेगळं आहे. दुसऱ्याच्या जागेचं प्रवेशद्वार अडवून गाडी लावायला वाहतुकीच्या नियमांतच मनाई आहे. गाडीचा नंबर आणि तुमचं गेट दोन्ही एका फ्रेममध्ये येईल असा फोटो काढा आणि ट्रॅफिक पोलिसांना कळवा, चलान होतं, गाडी उचलूनही नेता येते. पेशंट घरात खोळंबला असेल तर सरळ ११२. मुद्दाम वाट अडवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १२६ खाली गुन्हाही आहे, एक महिन्यापर्यंत साधी कैद किंवा ५००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, पण शेजारच्या जावयावर पहिल्याच फटक्यात हे काढू नका हो, उद्या त्याच काकूंकडे विरजण मागायला जायचंय. डायलिसिसचे वार ठरलेले असतात ना? ते वार आणि वेळा एका कागदावर लिहून काकूंना द्या आणि जावयांचा मोबाईल नंबर मागून घ्या. त्यांना बहुतेक घरात पेशंट आहे हेच माहीत नसेल.

प्रश्न : साताऱ्यात आमच्या वाड्याला एका बोळातून वाट आहे, आजोबांपासून तिथूनच येणं-जाणं. आता शेजाऱ्याने बोळात बुलेट लावायला सुरुवात केलीय, स्कूटी निघत नाही. म्हणतो बोळ आमचा.
– एक वाचक, सातारा

उत्तर : खरेदीखत आणि प्रॉपर्टी कार्ड दोन्ही बघा. बोळ सामायिक लिहिला असेल तर तो एकट्याचा नाहीच. त्याच्याच नावावर असला तरी २० वर्षं उघडपणे, हक्काने आणि न अडता वापरलेल्या वाटेवर १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याने तुमचा वहिवाटीचा हक्क धरता येतो, दिवाणी कोर्टातून मनाईहुकूमही मागता येतो. फक्त ती २० वर्षं दावा लावायच्या आधीच्या दोन वर्षांच्या आत संपलेली लागतात, म्हणजे "बघू पुढच्या उन्हाळ्यात" करत बसलात तर हातचं जाईल. स्कूटी नेमकी कधीपासून निघत नाहीये ती तारीख आजच वहीत लिहून ठेवा.