काहीच दिसलं नाही तरी फॉर्म भरायचा का?

प्रश्न : ताई नमस्कार. मी आठ महिन्यांपासून वन्यजीव संवर्धनाचं काम करणाऱ्या एका छोट्या संस्थेत इकॉलॉजिस्ट आहे, म्हणजे एकटीच, दुसरं कोणी नाही. वाटलं होतं दिवसभर रानात असेन, पण निम्मा वेळ एक्सेलमध्ये आणि देणगीदारांच्या रिपोर्टमध्ये जातो. आता दोन गोष्टींवरून अडलंय. आमच्या कॅमेरा ट्रॅपपैकी (प्राणी समोरून गेला की आपोआप फोटो काढणारे कॅमेरे) अर्ध्यांत काहीच आलं नाही, तर कोऑर्डिनेटर सर म्हणतात की रिकामे कॅमेरे रिपोर्टमध्ये दाखवू नकोस, वाईट दिसतं. आणि कमिटीला आमच्या ताब्यातल्या गवताळ माळावर झाडं लावायचीत कारण देणगीदाराने तसं सुचवलंय. मला दोन्ही पटत नाहीये पण मी नवीन आहे, बोलू का?

उत्तर : बोला. पण आकडे घेऊन बोला, नुसतं "मला पटत नाही" म्हणालात तर समोरचा म्हणणार नवीन आहे, शिकेल हळूहळू.

आधी रिकाम्या कॅमेऱ्यांचं घेऊ, कारण तुमच्या सगळ्या कामाचा पाया तिथेच आहे. समजा १० कॅमेरे ३० रात्री लावले, म्हणजे ३०० ट्रॅप नाइट्स (एक कॅमेरा एक रात्र) झाल्या, आणि एखाद्या प्राण्याचे ६ फोटो आले. १०० रात्रींमागे २. आता रिकामे ५ कॅमेरे काढून टाकले की उरल्या १५० रात्री, फोटो तेच ६, आणि आकडा झाला ४. रिपोर्ट छान दिसला. पुढच्या वर्षी तुम्ही (किंवा तुमच्या जागी आलेली कुणी) प्रामाणिकपणे सगळे कॅमेरे धरले, प्राणी तेवढेच आहेत, फोटो तेवढेच आले, तर आकडा २ येणार आणि सगळे म्हणणार की एका वर्षात निम्मे झाले! हेच गणित सरांना कागदावर मांडून दाखवा. पुढच्या वर्षी संस्थेचीच अडचण होणार आहे हे त्यांना लगेच कळेल.

आणि दुसरं म्हणजे दिसलं नाही याचा अर्थ नाही असा होत नाही. एखादा प्राणी तिथे असूनही एका फेरीत सापडायची शक्यता ३० टक्के धरा. मग एकदाच जाऊन आलात तर ७० टक्के वेळा तुम्ही "नाही" असंच लिहिणार. पाच फेऱ्या केल्या तर पाचही वेळा हुकायची शक्यता साधारण १७ टक्क्यांवर येते, आठ केल्या तर ६ च्या आसपास. म्हणून तर एकाच जागी परत परत जायचं असतं. २००२ मध्ये डॅरिल मॅकेन्झी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑक्युपन्सीचं, म्हणजे एखाद्या जागी प्राणी आहे की नाही याचं, जे मॉडेल मांडलं त्याचा गाभा हाच आहे, "आहे" आणि "दिसलं" या दोन गोष्टी वेगळ्या मोजायच्या, आणि त्यासाठी न दिसलेल्या फेऱ्यासुद्धा तितक्याच नीट लिहिलेल्या लागतात. तुमचे शून्य फेकून दिले तर ते गणित मांडताच येत नाही.

म्हणून प्रत्येक फेरीचा फॉर्म भरायचा. किती वाजता सुरू, किती वाजता संपलं, हवा कशी होती, कोण कोण होतं, आणि काही दिसलं नाही तर ठसठशीत ०. रिकामी चौकट ठेवायची नाही, कारण रिकाम्या चौकटीचा अर्थ दोन वर्षांनी कुणालाच लागत नाही, पाहिलं आणि नव्हतं की पाहिलंच नाही? हे मी पोटतिडकीने सांगतेय कारण मी कामाला लागले तेव्हा आधीच्या माणसाच्या वह्या मिळाल्या होत्या, सुंदर अक्षर, मेहनत दिसत होती, पण "तीन दिसले" एवढंच, कुठे, किती चालून, किती वेळात, काही नाही. दोन वर्षांचा डेटा कशाशीच जोडता आला नाही. मला त्या माणसाचा राग नाही आला, वाईट वाटलं, एवढं ऊन खाऊन केलेलं काम गेलं.

एक्सेलमध्ये निम्मा वेळ जातो म्हणालात, तो वेळ वाया जात नाहीये हो. एका ओळीत एकच नोंद, तारखा सगळ्या एकाच पद्धतीने, नावासोबत शास्त्रीय नाव, अक्षांश-रेखांश दशांशात, आणि मूळ फाइलला कधीच हात लावायचा नाही, बदल करायचे ते कॉपीत. पद्धत साधी असली तरी चालते, फक्त ती बदलायची नाही. ब्रिटनमध्ये अर्नी पोलार्ड यांनी १९७० च्या दशकात फुलपाखरं मोजायची पद्धत बसवली, ठरलेल्या वाटेवरून ठरलेल्या वेगाने चालायचं आणि दोन्ही बाजूंना अडीच-अडीच मीटर आणि पुढे पाच मीटर एवढ्यातच जे दिसेल ते मोजायचं, बास. १९७६ पासून तिथे याच पद्धतीने देशभर मोजणी चालू आहे. मोजणारे बहुतेक स्वयंसेवक. बाहेर कितीही सुंदर फुलपाखरू उडत असलं तरी ते मोजायचं नाही, हा मोह आवरणं फार अवघड असतं बरं का!

आता माळाचं. इथे मात्र तुम्ही ठाम राहा. माळ म्हणजे मोकळी जागा नव्हे, ती स्वतः एक परिसंस्था आहे. उन्हात वाढणारं गवत सावलीत मरतं, जमिनीवर घरटी करणारे बरेच पक्षी झाडांच्या कडेपासून लांब राहतात कारण झाडावर बसून शिकारी पक्ष्यांना अंडी-पिल्लं दिसतात, आणि गवताळ भागातला पुष्कळसा कार्बन जमिनीखाली मुळांत आणि मातीत असतो, खड्डे खणून तोच उकरला जातो. पण कमिटीपुढे नुसतं नाही म्हणू नका. देणगीदाराला काहीतरी डोळ्यांना दिसणारं हवं असतं आणि त्यात त्याची काही चूक नाही, तर तसंच काम सुचवा. माळावर घुसलेली परकी झुडपं काढणं, काढायच्या आधीचा आणि नंतरचा एकाच खुंटीवरून एकाच दिशेला काढलेला फोटो, दर हंगामाला तोच. सोबत जिथे काहीच करायचं नाही असा एक तुकडाही मोजत राहा, नाहीतर फरक पावसाने पडला की तुमच्या कामाने हे सांगता येणार नाही. आणि जे ठरेल ते व्यवस्थापन आराखड्यात लेखी घ्या, कमिटी बदलते, माळ तिथेच राहतो.

जमलं तर जुन्या लोकांशी बोला, जुने फोटो मागा. डॅनियल पॉली यांनी १९९५ मध्ये माशांच्या बाबतीत लिहिलं होतं की प्रत्येक पिढी आपण सुरुवातीला पाहिलं तेच मूळचं धरते आणि घट लक्षातच येत नाही. तुमचे आठ महिने म्हणजे या जागेची सुरुवात नाही, हे सतत मनात असू द्या.

प्रश्न : मी कॉमर्सवाला आहे, वय ४१. रविवारी अशा संस्थेत मदत करायची इच्छा आहे पण डिग्री नाही. उपयोग होईल का माझा?

उत्तर : होईल, नक्की होईल. अमेरिकेत पक्षीतज्ज्ञ फ्रँक चॅपमन यांच्या पुढाकाराने १९०० च्या नाताळात पक्षी मारण्याऐवजी मोजायचे असं ठरलं तेव्हा जेमतेम २७ जण होते, ती मोजणी अजून दरवर्षी होते. तुम्ही एकच गट धरा, पक्षी किंवा फुलपाखरं किंवा गवतं, आणि तो नीट शिका. ओळख पटली नाही तर अंदाजाने नाव लिहू नका, "ओळखता आलं नाही" असं लिहा, इकॉलॉजिस्ट तुमचे आभार मानेल. घरट्याचा किंवा बिळाचा फोटो लोकेशनसकट कुठेही टाकू नका, आधी संस्थेला विचारा. आणि हो, हिशोब येतो ना तुम्हाला? छोट्या संस्थेत कुठल्या निधीतून कुठला खर्च झाला हे वेगवेगळं दाखवावं लागतं आणि बहुतेक वेळा ते बिचारा इकॉलॉजिस्टच रात्री बसून करतो. महिन्यातला एक रविवार ते घ्या, त्याला तेवढा दिवस माळावर जाता येईल.