'डिलेटांटी' : हौशी की रसिक?

18व्या शतकात इटलीला जाऊन चित्रे आणि शिल्पे पाहणाऱ्या इंग्रज उमरावांना 'डिलेटांटी' म्हणत. एका अनुवादात या शब्दासाठी 'हौशी' योजलेले आढळले, ते योग्य आहे का, असा प्रश्न आहे.

माझ्या मते येथे 'रसिक' हवे. मूळ इटालियन क्रियापद 'दिलेत्तारे' म्हणजे आनंद देणे, सुखावणे. तेव्हा कलेत ज्याचे मन रमते तो 'दिलेत्तांते'. इटली पाहून आलेल्या उमरावांनी 1734च्या सुमारास लंडनमध्ये मंडळ काढले, तेव्हा हे नाव त्यांनी स्वतःच आणि अभिमानाने घेतले. याच मंडळाने 1764 मध्ये प्राचीन अवशेषांची मापे व चित्रे घेण्यासाठी आयोनियाला (आजच्या तुर्कस्तानच्या पश्चिम किनाऱ्यावरील प्राचीन ग्रीक प्रदेश) स्वखर्चाने मोहीम धाडली, आणि इतका खटाटोप आपल्या 'हौशी'त मावत नाही. 'हौशी रंगभूमी' म्हणताना आपण पोटापाण्यासाठी न करणारा एवढेच सुचवतो. तो अर्थ उमरावांना लागू पडला, तरी त्यांची पाहण्याची रीत त्यातून कळत नाही.

ती रीत चित्रकार झोफानीच्या, फ्लॉरेन्समधील उफीत्सी या कलासंग्रहालयाचे दालन दाखवणाऱ्या चित्रात दिसते. टिशनने रंगवलेली व्हीनस भिंतीवरून खाली उतरवून ठेवली आहे, तिच्याभोवती मंडळी चर्चेत गुंतली आहेत, आणि झोफानी स्वतः रफाएलची मॅडोना लॉर्ड कूपरला दाखवतो आहे. चित्र जवळून पाहायचे, त्यावर चारचौघांत बोलायचे आणि जमल्यास विकत घ्यायचे, असा हा आस्वाद होता. खरेदीची ही ओढ मात्र 'रसिक' शब्दात पुरती उतरत नाही, हे मान्य केले पाहिजे.

त्याआधीच्या शतकातला शब्द वेगळा होता. मूर्ती, शिलालेख आणि नाणी यांत निष्णात असलेल्यांना इटालियन लोक 'व्हर्तुओसी' म्हणतात, असे इंग्रज लेखक हेन्री पीचमने 1634 मध्ये नोंदवले आहे. 1613-14 मध्ये वास्तुकार इनिगो जोन्ससह इटलीत हिंडून रोममधून प्राचीन मूर्ती मिळवणाऱ्या अर्ल ऑफ अरुंडेलसारख्यांसाठी 'जाणकार' किंवा 'दर्दी' शोभेल.

'डिलेटांटी'ला वरवरच्या लुडबुडीचा वास पुढे चिकटला. त्या अर्थालाही 'हौशी' तोकडाच पडतो, कारण त्यात हिणवणे नाही. तेथे जत्रेतले 'हौशेगवशे' नेमके बसतात.